सशुल्क भागीदाराचे सासरे

सासऱ्यांचे दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत यंत्रात गेले, यंत्राने ते आवळले, आणि मग सोडण्याचे नाव घेईना. आधी कोणाच्या लक्षात आले नाही, कारण सासरे डोळे मिटून खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होते त्याला समाधान म्हणावे की सहनशीलता, हे त्यांच्या पोटच्या मुलीलाही कधी ठरवता आले नव्हते. यंत्राची घरघर थांबली. हिरवा दिवा लाल झाला. सासऱ्यांनी एक डोळा उघडला.

"झालं वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी पाय ओढून पाहिले. पाय आले नाहीत. यंत्रच फरशीवरून वीतभर त्यांच्याकडे सरकले.

"बाबा, बटण दाबा ना," मुलगी आतून म्हणाली.

"दाबलं."

"ते नाही, दुसरं."

"दुसरंही दाबलं. याला जेवढी आहेत तेवढी सगळी दाबली."

जावयाने येऊन ती सगळी पुन्हा दाबली. यंत्र बिघडले की आधीच्या माणसाने दाबलेली बटणे नव्याने दाबणे, हा पुरुषजातीचा ज्ञानमार्ग आहे. मग त्याने वायर उपसली. दिवा गेला, पकड राहिली. आतल्या हवेच्या पिशव्या टम्म फुगल्या होत्या आणि मुदत संपलेला अध्यक्ष जसा खुर्ची धरून ठेवतो तशा त्यांनी सासऱ्यांच्या पोटऱ्या धरून ठेवल्या होत्या.

"काही हरकत नाही," सासरे शांतपणे म्हणाले. "जावईबापू, तुमच्या कंपनीला फोन लावा."

जावयाच्या तोंडचे पाणी पळाले. कारण ती कंपनी त्याची नव्हती. कोणतीच कंपनी त्याची नव्हती.

हा गृहस्थ विमा कचेरीतील नोकरी सोडून घरी व्हिडिओ करीत असे. या व्यवसायाला आता आशयनिर्मिती म्हणतात. आशय म्हणजे काय, हे न विचारण्याच्या अटीवर तो निर्माण करता येतो. त्याच्या वाहिनीचे नाव होते ‘आधी वापरतो, मग बोलतो’. मिक्सर, इस्त्री, फरशी पुसायची दांडी, दारामागे अडकवायची खुंटी अशा वस्तू तो वापरी आणि त्यांच्याविषयी बोले. बऱ्यापैकी लोक ऐकतही. परंतु ऐकणाऱ्यांच्या संख्येवर पोट भरत नाही आणि सासरच्या लोकांचा विश्वास तर मुळीच बसत नाही. म्हणून त्याने कंपन्यांना पत्रे पाठवली: आपण कोण, आपले प्रेक्षक कोण, आणि त्यांच्या वस्तूविषयी आपल्याला किती जिव्हाळा आहे. कंपन्यांनी उत्तर दिले नाही. एकीने मात्र दिले. तिने विचारले, याआधी आपण कोणाबरोबर सशुल्क भागीदारी केली आहे? म्हणजे पहिले काम मिळण्यासाठी त्याच्याआधी एक काम झालेले असणे आवश्यक होते. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष समजतात. बाजारात याला अनुभव म्हणतात.

ही कोंडी त्याने आपल्या परीने फोडली. व्हिडिओ चढवताना एक खटका असतो. तो दाबला की नावाखाली ‘सशुल्क भागीदारी’ अशी पट्टी उमटते. जो मोबदला घेऊन वस्तूची स्तुती करतो त्याने ते उघड सांगावे, यासाठी ही सोय. नियम करणाऱ्यांना माणसाच्या लोभाची पुरती ओळख होती, त्यामुळे मोबदला घेऊन लपवणाऱ्यासाठी त्यांनी कलमांमागून कलमे लिहिली. मोबदला न घेताच तो घेतल्याची कबुली देणारा माणूस मात्र त्यांच्या कल्पनेत आला नाही. चोरी न करता पोलीस चौकीत जाऊन छाती पुढे काढून उभा राहणारा चोर कोणत्या स्मृतिकाराने पाहिला आहे? जावयाने पाय चेपण्याचे एक यंत्र दुकानातून स्वतःच आणले, त्याची तोंड भरून स्तुती केली आणि खटका दाबला. आता आपण पूर्वी कोणाचे तरी भागीदार होतो असे पुढच्या कंपनीला सांगता येणार होते.

यंत्राचे नाव ‘पादसुखम्’. नाव ठेवणाऱ्याने संस्कृतचा कोश उघडला होता. मराठी कान उघडे ठेवले नव्हते. जावयाने ते वापरले होते असे मात्र म्हणता येत नाही. त्याला तळपायाला फार गुदगुल्या होत. त्या व्हिडिओत जे पाय सुखावताना दिसतात ते त्याच्या बायकोचे आहेत. तिने त्याचा पायजमा आणि मोजे घातले होते.

पुढच्या कंपनीने ती पट्टी पाहिली की नाही कोण जाणे. सासऱ्यांनी पाहिली.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानांमधले तराजू तपासणे, खोटी वजने जप्त करणे आणि खऱ्यांवर शिक्का मारणे, यात त्यांचे आयुष्य गेले. लग्न झाल्यापासून ते जावयाची ओळख एकाच वाक्यात करून देत आले होते: "हे आमचे जावई. घरीच असतात." या ‘घरीच असतात’मध्ये एवढे काही भरलेले असे, की ऐकणारा पुढे काही विचारायचा नाही आणि जावई पुढे काही बोलायचा नाही. पट्टी दिसली त्या दिवशी सासऱ्यांनी तिच्यातला ‘भागीदारी’ हा शब्द तेवढा उचलला. त्या संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसणाऱ्या आपल्या मित्रांना त्यांनी सांगितले, "आमचे जावई कंपनीत भागीदार आहेत." ‘अहो’चे ‘जावईबापू’ झाले. बाकावरच्या मंडळींनी, एका शिक्का मारणाऱ्या माणसाच्या शब्दावर, एकामागून एक पादसुखम् घेतली. आणि हे सर्व समोर घडत असताना, ‘तसं नाही बाबा’ हे तीन शब्द जावयाला रोज उद्या सांगायचे होते.

आता तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि त्याने यंत्राच्या खोक्यावर छापलेला नंबर लावला. काचेच्या दारातून सासरे त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते, म्हणून तो फोन उचलला जाण्याआधीच बोलू लागला.

"हां, नमस्कार साहेब! मीच!"

"आपण आमच्यासाठी अनमोल आहात," ध्वनिमुद्रित बाई म्हणाली. "यंत्र सुरू होत नसल्यास एक दाबा. यंत्र बंद होत नसल्यास दोन दाबा."

"घरी सगळे मजेत, साहेब," असे म्हणत त्याने दोन दाबले. वस्तुतः यंत्र सुरूही होत नव्हते आणि बंदही; परंतु सासरे अडकल्यास काय दाबावे याची तजवीज कंपनीने केली नव्हती.

"आपल्यापुढे रांगेत बरेच ग्राहक आहेत. कृपया संगीताचा आनंद घ्या."

"हा हा हा! तुम्ही पण ना, साहेब!"

मागे दार सरकले. बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करी. दिवसभर इतरांचे रक्त तपासून तिचा स्वभाव पुराव्याला धरून चालणारा झाला होता. तिने त्याच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. बासरी वाजत होती.

"साहेब कुठेत?"

"आत्ता होते. रांगेत टाकलंय."

"भागीदाराला पण रांग?"

"नियम सगळ्यांना सारखा ना."

"वा!" खुर्चीतून सासऱ्यांचा आवाज आला. "कंपनी असावी तर अशी! आमच्या खात्यात साहेबाचा मेहुणा मागच्या दारानं यायचा."

खोटे बोलणाऱ्याला पकडले जाण्याची भीती असते असे म्हणतात. ती भीती फार सोसण्याजोगी आहे. आपल्या खोट्याचे समोरच्या सज्जनाने कौतुक करणे, हे त्याहून कितीतरी अवघड. जावयाची कानशिले तापली. त्याने खाली वाकून यंत्राची शिवण पाहण्याचे नाटक केले.

"कात्री आणू का? कापून टाकते," बायको म्हणाली.

"खबरदार! जावयांच्या कंपनीची वस्तू आहे. त्यांना मान खाली घालावी लागेल."

जावयाची मान आधीच यंत्राच्या पातळीला होती.

"मुंग्या येतायत का बाबा?"

"येतायत. पण त्या ओळखीच्या आहेत, रोजच येतात."

बासरी संपली आणि पुन्हा सुरू झाली. बायकोचा धीर सुटला. तिने खोक्याची दुसरी बाजू पाहिली, मुख्य कचेरीचा नंबर शोधला आणि जावई ‘थांब, थांब’ म्हणेपर्यंत लावलाही.

"हॅलो. मी तुमच्या सशुल्क भागीदाराची बायको बोलतेय... हो, भागीदाराची. ‘आधी वापरतो, मग बोलतो’वाले, तेच ते. माझे वडील तुमच्या यंत्रात अडकलेत... नाही, पूर्ण नाही, पोटऱ्यांपर्यंत... मग काय गंमत करतेय का मी? वय झालंय त्यांचं!" बराच वेळ पलीकडे कोणी कोणाला काहीतरी विचारीत असावे. मग तिने पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. "निघाले. माणूस पाठवतायत, आणि बरोबर एक बाई येतायत. भागीदारांचं काम त्याच बघतात म्हणे. तू ओळखत असशील."

"हो," जावई म्हणाला. आवाज दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा आला.

सासरे फार खूश झाले. रविवारी, एका फोनवर, मुख्य कचेरीतून माणसे! एवढ्यात त्यांचाच फोन वाजला. तो खोलीच्या पलीकडच्या टोकाच्या टेबलावर चार्ज होत होता. मुलीने त्यांना खुर्चीसकट तिकडे ओढत नेले. खुर्ची चाकांची होती, यंत्राला चाके नव्हती, त्यामुळे सासरे पुढे, पाय मागे आणि यंत्र फरशीवर करकरत, अशी ही मिरवणूक गेली. फोनवर बाकावरचे पोस्टमास्तर होते. त्यांचे पादसुखम् म्हणे कालपासून एकच पाय चेपत होते.

"अहो, चिंता कसली करता?" सासरे म्हणाले. "कंपनीची माणसं निघालीच आहेत माझ्याकडे. जावयांनी एक शब्द टाकला फक्त. तुमचंही घालतो कानावर. ठेवा आता, येतीलच."

माणसे आली. यंत्र दुरुस्त करणारा पिशवी घेऊन सरळ सासऱ्यांच्या पायाशी बसला आणि त्यानेही सगळी बटणे क्रमाने दाबली. बाई दारातच थांबल्या. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, आणि नजर अशी की समोरच्याने काय केले आहे हे तिला ठाऊक असावे आणि त्याचे तिला काही वाटत नसावे.

"भागीदार कोण?" त्यांनी विचारले.

"हे काय, हे!" सासऱ्यांनी लग्नातसुद्धा दाखवला नव्हता इतक्या अभिमानाने जावयाकडे बोट दाखवले.

"आपण जरा आत बोलू या का? स्वयंपाकघरात?" जावई घाईने म्हणाला. "चहा घ्या ना. या."

स्वयंपाकघरात त्याने दार लोटले, गॅसवर रिकामेच भांडे ठेवले आणि भांड्याकडे पाहत सगळे सांगून टाकले. सांगायला फार काही नव्हते. सत्य पुष्कळदा खोट्याच्या मानाने फारच तोकडे असते.

"मला माहितीये सर," बाई म्हणाल्या. "गाडीत बसल्यावर यादी पाहिली आमची. तुम्ही तिच्यात नाही."

"तुम्ही... आता तक्रार करणार?"

"कसली? आम्ही ज्यांना नेमतो ते पट्टी लावायला तयार नसतात. मिनतवाऱ्या कराव्या लागतात. आणि तुम्ही न नेमताच लावलीत." त्या जवळजवळ हसल्या. "खरं सांगू का? तुमच्या पट्टीनं आमचं नुकसानच झालं. पट्टी दिसली की लोक म्हणतात जाहिरात आहे, अन् पुढे जातात. तुम्ही ती काढा."

"आत्ता काढतो!"

"नुसती काढू नका. नवीन व्हिडिओ करा. म्हणा, मला कंपनीनं छदामही दिलेला नाही, हे यंत्र मी दुकानातून स्वतः घेतलं."

"पण ते तर खरंच आहे."

"मग सोपंच जाईल तुम्हाला. त्याचा मोबदला आम्ही देऊ."

जावयाने गॅस बंद केला. भांडे करपले होते. "मोबदला घेतला, तर मग ते खरं कसं राहील?"

"आधी व्हिडिओ करा, मोबदला नंतर. म्हणताना खरंच असेल ना?"

या बाईंनी न्यायशास्त्र वाचलेले नव्हते; वाचले असते तर त्यांना हे सुचले नसते. मोबदला न घेता घेतल्याचे सांगणारा हा माणूस, आता मोबदला घेऊन न घेतल्याचे सांगणार होता. दोन्ही बाजूंनी तपासले तरी असत्याचे वजन तेवढेच भरत होते; फरक एवढाच की दुसऱ्या खेपेला त्याला दाम मिळणार होता. ज्या गोष्टीसाठी त्याने इतकी पत्रे पाठवली होती ती त्याच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, उभी होती. आणि तिच्याकडे पाहायची त्याला लाज वाटत होती.

लोटलेले दार उघडले होते हे त्याला तेव्हा कळले. दारात बायको होती. पाणी न्यायला आली होती. हातात रिकामा तांब्या तसाच होता.

"म्हणजे माझ्या पायांचं पण कुणी काही दिलेलं नाही," ती म्हणाली.

बाईंनी प्रथमच गोंधळून दोघांकडे पाहिले. "पाय यांचे होते?"

"केक नेला होता मी लॅबमध्ये," बायको त्याला म्हणाली. बाई तिथे आहेत हे ती विसरली होती. "सगळ्यांना सांगितलं, याला पहिलं काम मिळालं म्हणून. त्या डॉक्टरीणबाई कधी कुणाशी बोलत नाहीत, त्यांनी सुद्धा अभिनंदन केलं. मला तरी सांगायचंस रे."

ती रडली असती तर त्याला काही तरी करता आले असते. तिने तांब्या भरला आणि ती वळली.

"बाबांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार," ती म्हणाली.

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत एक प्रदीर्घ, संथ, टिपेपासून खर्जापर्यंत उतरत जाणारा आवाज झाला. यंत्राने कोंडलेली हवा आपण होऊन सोडली होती आणि तसे करताना आपले नाव, मराठी अर्थाने, सार्थ केले होते. दुरुस्तीवाला मान फिरवून भिंतीकडे पाहत होता. सासरे ताठ बसले होते.

"यंत्राचा होता तो," सासरे सर्वांना उद्देशून म्हणाले.

"हो काका, यंत्राचाच. मी काहीच केलं नाही बरं का, आपलं आपणच सुटलं."

सासऱ्यांनी पाय बाहेर काढले, बोटे हलवून पाहिली, उभे राहिले आणि बाईंना हात जोडले. "तुम्ही आलात आणि काम झालं. आमच्या जावयांचं काम कसं वाटतं तुम्हाला?"

"फार वेगळं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यात खोटे काही नव्हते. "सर, विचार करून कळवा मला." त्या गेल्या. यंत्र तपासणीसाठी दुरुस्तीवाल्याने नेले. जिथे ते होते तिथल्या फरशीवर करकरल्याची एक पांढरी रेघ राहिली.

जावई त्या रेघेकडे पाहत बोलला. त्याने काहीही लपवले नाही: पत्रे, खटका, मोजे, गुदगुल्या. तीन शब्दांचे काम होते, त्याला आता परिच्छेद लागले. सासऱ्यांनी त्याला मध्येच तोडले नाही. खात्यात असताना दुकानदाराचा जबाब घेताना ते असेच बसत असावेत, तळहात मांडीवर पालथे ठेवून.

"म्हणजे शिक्का खोटा," शेवटी ते म्हणाले.

"हो बाबा."

"आणि कंपनीनं तुम्हाला काही दिलेलं नाही."

"नाही. उलट यंत्र मीच विकत घेतलं."

"मी एवढी दुकानं तपासली," सासरे सावकाश म्हणाले. "हलकी वजनं सापडायची. तळाला मेण लावलेली, आतून पोकळ केलेली, नाना तऱ्हा. पण स्वतःचंच नुकसान होईल असं खोटं वजन ठेवणारा दुकानदार मला कधी भेटला नाही. काय मिळवलंत तुम्ही?"

जावयाने मान वर केली नाही. "तुम्ही मला ‘घरीच असतात’ म्हणायचं बंद केलंत," तो म्हणाला.

मुलीने वडिलांकडे पाहिले. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काच स्वच्छच होती.

फोन वाजला. पोस्टमास्तर. सासऱ्यांनी नावाकडे पाहिले आणि ते उठून उभे राहिले. हा माणूस आता काय करणार हे त्या घरात कोणालाही विचारावे लागले नसते. ज्याने सख्ख्या मावसभावाच्या दुकानातला तराजू जप्त केला होता आणि त्याच्या घरच्या लग्नाला जाणे त्यासाठी सोडले होते, तो सत्य सांगणार होता. जावयाने डोळे मिटले. त्याला भीती वाटत होती, आणि आश्चर्य म्हणजे सुटल्यासारखेही वाटत होते.

"हां, बोला पोस्टमास्तर," सासरे म्हणाले. "हो, हो, येऊन गेली माणसं. मुख्य कचेरीतून आली होती. बाई स्वतः आल्या होत्या, मोठ्या अधिकारी आहेत... हो ना, रविवारी! जावयांशी आत बसून बोलत होत्या बराच वेळ. अगदी खाजगी. ‘विचार करून कळवा’ म्हणाल्या त्यांना... मी स्वतः ऐकलं की!"

यात असत्य काहीही नव्हते. प्रत्येक वाक्य वजनाला बरोबर होते. काटा तेवढा खोटा होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांशी झुंजलेल्या माणसाला ही कला अवगत असणारच, ती त्याने कधी वापरली नव्हती इतकेच. सवय नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत होते.

"तुमच्या यंत्राचंही बघतो म्हणाल्या," त्यांनी शेवटी जोडले, आणि हे मात्र निखालस खोटे होते. फोन ठेवून ते गॅलरीत गेले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. मुलगी त्यांच्यामागे गेली नाही.

त्या पाठीकडे पाहताना जावयाला जी लाज वाटली तिच्यापुढे दिवसभराची लाज म्हणजे किरकोळ होती. आपण खोटे बोलतो तेव्हा निदान आपले आपण बिघडतो. एका खऱ्या माणसाला त्याच्या म्हातारपणी खोटे बोलायला लावणे, हे त्याने एका खटक्याने साधले होते. त्याने तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरवल्या. बाईंना ‘नको’ म्हणून कळवले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड चांगला असताना, मोबदल्याशिवाय आणि पट्टीशिवाय, कॅमेऱ्यासमोर बसून सर्व सांगून टाकले.

"मला कोणत्याही कंपनीनं कधीही काहीही दिलेलं नाही," तो म्हणाला. "पट्टी खोटी होती. मी ते यंत्र वापरलंसुद्धा नव्हतं. ते पाय माझे नव्हते. माझ्या शब्दावर ज्यांनी ते घेतलं, त्यांची मी माफी मागतो." बोलताना त्याला रडू आले. तो भाग त्याने कापला नाही. पुन्हा बघायची हिंमत नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्या व्हिडिओला आजवर मिळाले नव्हते इतके प्रेक्षक मिळाले. त्याने भीत भीत खालच्या प्रतिक्रिया उघडल्या. ‘याला म्हणतात कल्पक जाहिरात.’ ‘रडला तिथे तर मी यंत्र मागवलंच.’ ‘ते पाय माझे नव्हते... हा हा! कोणी लिहून दिलं?’ ‘कंपनीने चांगलाच हात सैल सोडलेला दिसतो.’ एका सभ्य गृहस्थाने त्याला कायद्याची आठवण करून दिली होती: इतकी उघड जाहिरात असताना पट्टी न लावणे हा गुन्हा आहे. जावयाने प्रत्येकाला उत्तर दिले, ‘ही जाहिरात नाही.’ त्या प्रत्येक उत्तराला लोकांनी हसण्याची चिन्हे पाठवली.

बाईंचा निरोप आला: ‘सर, अप्रतिम! मोबदला कुठे पाठवू?’ त्याने लिहिले, ‘मला खरोखर काही नको.’ त्यांनी लिहिले, ‘शेवटपर्यंत भूमिका सोडत नाही तुम्ही. मानलं.’ रात्रीच्या जेवणाआधी मिक्सरच्या एका कंपनीचे पत्र आले. तिला असा कबुलीजबाब आपल्या मिक्सरविषयीही हवा होता, शक्यतो थोड्या अश्रूंसह.

बायकोने सगळे वाचले. कालपासून ती त्याच्याशी कामापुरतेच बोलत होती. "खरं होतं ते," तो तिला म्हणाला. "तुला तरी कळतंय ना?"

"मला कळून काय उपयोग," ती म्हणाली. पण तिने ताट मात्र त्याच्यासमोर सरकवले.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. सासरे होते. त्यांनी हळू आवाजात, बहुधा बागेच्या कोपऱ्यातून, बोलायला सुरुवात केली. बाकावर सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला होता. पाहताना आपले हातपाय गार पडले होते, असे ते म्हणाले.

"बाबा, मी मुद्दामच केला तो. लोकांना खरं कळावं म्हणून. तुम्हाला माझ्यासाठी परत कधी—"

"अहो, ऐकून तर घ्या!" सासऱ्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की त्याला तो ओळखताच आला नाही. "कोणालाही खरं वाटलेलं नाही. एकालासुद्धा नाही! पोस्टमास्तर तर म्हणाले, भागीदार असून काय सुंदर अभिनय करतात हो." मग ते श्वास सोडून म्हणाले, "वाचलो आपण."

लग्नाला इतकी वर्षे झाली होती. जावई सासऱ्यांच्या लेखी पाहुणा होता, घरीच असणारा होता, अलीकडे बापूही झाला होता. सासऱ्यांनी त्याला ‘आपण’मध्ये मात्र आजच घेतले. त्याने ताटाकडे पाहिले, समोर बसलेल्या बायकोकडे पाहणे त्याला जमले नाही, आणि तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हो बाबा."